कृपादान कोणाचं कोणतं, हे ठरवणार कोण?

टिपेश्वर

जय ख्रिस्त मंडळी.

आमचं गाव पांढरकवड्याकडचं. मंडळी (म्हणजे चर्चची माणसं) लहान, चाळीसेक घरं, त्यातली निम्मी पोरं पुण्या-नागपुरात. पाळकसाहेबांकडे (चर्चचे धर्मगुरू) आणखीही गावं आहेत, म्हणून ते एक रविवार आड येतात. मधल्या रविवारी आमच्यातलाच कोणीतरी उपासना चालवतो. दिवाळीनंतर पंचांची, म्हणजे मंडळीच्या कमिटीची, निवड आहे. पाळकसाहेब नवे आणि उत्साही. यंदा नुसते हात वर करून निवड नको, आधी ज्याचं त्याचं कृपादान (मंडळीच्या कामासाठी पवित्र आत्म्याने दिलेलं दान) ओळखू आणि मग त्याप्रमाणे जबाबदारी देऊ, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी छापील प्रश्नावली आणली. शंभरावर प्रश्न. 'लोक माझा सल्ला मानतात': नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. अशा खुणा करत जायचं आणि शेवटी बेरीज.

निकाल असा लागला की पुरुषांमध्ये जवळजवळ सगळ्यांना 'नेतृत्व'. बायकांना 'दया' आणि 'आदरातिथ्य'. 'सेवा' एकालाही नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे कागद घरातल्या पोरांनी भरले.

आता आमच्याकडे एक मावशी आहेत. उपासनेला सगळ्यात मागे, दाराला टेकून बसतात. दारातल्या चपलांवर एक नजर टाकली की आज कोण आलं नाही ते त्यांना कळतं. अंगठा शिवलेली काळी दिसली नाही म्हणजे अमक्याची सून आली नाही. दुपारी जेवण झालं की त्या त्या घरी हजर. कोणाला ताप, कोणाचं नवऱ्याशी वाजलं, कोणाच्या पोराच्या नाकातोंडात फवारणीचं औषध गेलं, हे पाळकसाहेबांच्या आधी त्यांना माहीत असतं. त्यांचा कागद नातवाने भरला. दोन पानांनंतर त्याला कंटाळा आला आणि पुढे सगळीकडे त्याने 'क्वचित' केलं. बेरजेप्रमाणे मावशींना काहीच कृपादान नाही.

तुमच्याकडे कोणाला काय काम द्यायचं हे कसं ठरतं? कृपादान आणि पद एकच की वेगवेगळं? अनुभव असतील तर लिहा. भांडण झालं तरी चालेल, पण गोडीत करा.

अंबाडी

आमच्याकडे प्रश्नावली लागत नाही. बाई दिसली की आदरातिथ्य, पुरुष दिसला की नेतृत्व. प्रभुभोजनाची भांडी घासायला आणि सतरंज्या झटकायला पवित्र आत्मा फक्त साडीवाल्यांनाच प्रेरणा देतो.

बाप्पा_रे

हाव ना ताई. आमच्याकडे तर सतरंजी झटकाचं कृपादान माह्या मायले हाय अन् तिच्यावर बसाचं माह्या काकाजीले.

निवृत्त_मास्तर

टिपेश्वर, प्रश्नावलीवर राग काढण्याआधी ती आली कुठून ते बघा. अमेरिकेत १९७० च्या दशकात अशा प्रश्नावल्यांची लाट आली. सी. पीटर वॅग्नर म्हणून एक गृहस्थ होते. आधी बोलिव्हियात मिशनरी, पुढे कॅलिफोर्नियात फुलर सेमिनरीत प्राध्यापक. मंडळ्या कशा वाढतात हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९७९ च्या त्यांच्या पुस्तकात कृपादानांची संख्या २७ वर गेली आहे. त्यात आदरातिथ्य आहे, मध्यस्थीची प्रार्थना आहे, ब्रह्मचर्य आहे आणि स्वेच्छेने पत्करलेलं दारिद्र्यही आहे. सुशिक्षित, शहरी, स्वतःविषयी बोलायची सवय असलेल्या लोकांसाठी ही पद्धत तयार झाली. आपल्याकडे 'मी चांगला सल्ला देतो' या वाक्यापुढे खूण करायला भला माणूस लाजतो आणि ज्याने करू नये तो ठळक करतो.

बायबलमध्ये पौल प्रेषिताने आपल्या पत्रांत एकच पक्की यादी कुठेही दिलेली नाही. रोमकरांस १२ मध्ये सात गोष्टी आहेत: संदेश, सेवा, शिक्षण, बोध, दान, पुढारपण, दया. १ करिंथ १२ च्या सुरुवातीला नऊ येतात आणि त्यात अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणं), रोग बरे करणं वगैरे. त्याच अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या वचनात पुन्हा वेगळी मांडणी. तिथे साहाय्य करणारे आणि व्यवस्था पाहणारे हे अन्य भाषा बोलणाऱ्यांच्या आधी येतात, ते फारसं कोणी वाचत नाही. इफिस ४:११ मध्ये तर थेट माणसंच दानं म्हणून दिली आहेत: प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. पेत्राने दोनच भाग पाडले, बोलणारे आणि सेवा करणारे. यादी पुरी करणं हा या मंडळींचा हेतूच दिसत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते 'वेगवेगळं' असं आहे. १ तीमथ्य ३ उघडा. अध्यक्ष कसा असावा? मद्यपी नको, मारका नको, पैशाचा लोभी नको, घर नीट चालवणारा हवा, बाहेरच्यांत नाव चांगलं हवं. एवढ्या सगळ्यांत कसब म्हणावं असं एकच, त्याला शिकवता आलं पाहिजे. सेवकांच्या बाबतीत तर तेही नाही. पद देताना पौल वागणूक तपासतो. ज्याला छान बोलता येतं पण घरी ताट भिरकावतो, त्याच्याकडे कृपादान असेलही, पद नको.

बाप्पा_रे

मास्तर, ते स्वेच्छेने दारिद्र्यवालं आमच्या सगळ्या गावाले हाय. फक्त स्वेच्छा तेवढी कापसाच्या भावाची होती.

अग्निज्वाळा

प्रभूची स्तुती असो!

सगळं वाचलं. बंधू-भगिनींनो, एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जुन्या मिशनच्या मंडळ्यांनी पवित्र आत्म्याला पंच कमिटीत बसवून ठेवलं आहे. कृपादान ओळखायची चर्चा चालू आहे आणि त्यात आत्म्याला विचारण्याची कोणाला आठवण नाही. मी घाटंजीकडचा. आमचं प्रार्थनागृह पत्र्याचं आहे, पण तिथे उपास धरून प्रार्थना होते, हात ठेवले जातात, संदेश येतात, लोक अन्य भाषांत बोलतात. ज्याला जे दान मिळालं ते सगळ्यांसमोर दिसतं. तुमच्या मंडळीतले लोक संध्याकाळी अंधार पडला की आमच्याकडे का येतात, याचाही विचार करा. आजारी पोराला कडेवर घेऊन येणाऱ्या बाईला तुमची कमिटी सांगते, पुढच्या रविवारी पाळकसाहेब येतील तेव्हा या.

निवृत्त_मास्तर

शेवटचं वाक्य बरोबर आहे आणि ते आम्हाला लागायलाच हवं.

बाकी, अन्य भाषांना माझा विरोध नाही. पण १ करिंथ १४ मध्ये पौलाने शिस्त घातली आहे ना? दोघांनी, फार तर तिघांनी, आणि तेही एकामागून एक बोलावं. कोणीतरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प बसावं. तुमच्या पत्र्याखाली अर्थ सांगणारा असतो का, एवढंच विचारतो.

अग्निज्वाळा

कधी असतो, कधी नसतो. आणि ओळीने बोलायचं म्हणाल तर ते आमच्यात जमत नाही, खरं आहे.

अकोला_नाका

अग्निज्वाळा, 'जुन्या मिशनच्या मंडळ्या' सगळ्या एका मापाने मोजू नका. आमच्या अकोल्या-अमरावतीच्या पट्ट्यात अलायन्सवाले, म्हणजे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या मंडळ्या. ए. बी. सिम्पसन यांनी १८८७ साली सुरू केलेलं काम. त्यांच्या शिकवणीचे चार खांबच होते: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, रोगमुक्त करणारा आणि येणारा राजा. म्हणजे आजाऱ्यासाठी प्रार्थना हा विषय आमच्याकडे शंभरावर वर्षं आहे. याकोब ५:१४ प्रमाणे वडील मंडळी जाऊन तेल लावतात. अन्य भाषांबद्दल सिम्पसन यांचं म्हणणं असं की ते एक दान आहे, ज्याला मिळालं त्याला मिळालं, पण आत्म्याने भरल्याची खूण म्हणून प्रत्येकाकडून मागायचं नाही. मला ते पटतं.

तेल लावायला जे वडील जातात त्यांची निवड मात्र आडनावावरून होते. तो वेगळा विषय.

अंबाडी

तो वेगळा नाही, तोच विषय आहे.

मेळघाटची_वाट

धारणी तालुक्यात मास्तरकी करतो. रोग बरे करण्याच्या दानाबद्दल एक सांगायचं आहे.

आमच्या लहानशा मंडळीत एक वयस्कर कोरकू बाबा आहेत. ते आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करतात. मोठ्याने नाही, अंगात आल्यासारखं नाही, नुसता हात धरून. त्यांनी प्रार्थना केली की बरं वाटतं अशी ख्याती झाली. गावात पूर्वीपासून भूमका आहे, आजार-बाधेला लोक त्याच्याकडे जातात. त्यामुळे लोकांनी बाबांना त्याच चौकटीत बसवलं. ख्रिस्ती नसलेलेही यायला लागले. कोणी नारळ ठेवायचं, कोणी कोंबडी घेऊन यायचं. एकदा साप चावलेला पोरगा थेट बाबांच्या अंगणात आणून टाकला.

बाबांनी काय करावं? म्हणाले, आधी गाडी बोलवा. १०८ यायला वेळ लागला तर एका जीपवाल्याला उठवलं आणि स्वतः मागे पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दवाखान्यात लस टोचेपर्यंत आणि नंतरही तिथेच प्रार्थना करत राहिले. पोरगा वाचला. गावात निम्मे म्हणतात लशीने, निम्मे म्हणतात बाबांनी. बाबा म्हणतात, जीपवाल्याने.

तेव्हापासून त्यांनी नियम केला की दवाखान्याची चिठ्ठी दाखवा, मग प्रार्थना. कोंबडी परत. पौलाबरोबर प्रवासात लूक वैद्य होताच की. मला वाटतं बाबांकडे रोग बरे करण्याचं दान असेल-नसेल, विवेक आहे, आणि तोही १ करिंथ १२ मध्ये आत्म्यांची पारख म्हणून आला आहे असं मी धरतो. मास्तर दुरुस्ती करतील.

निवृत्त_मास्तर

दुरुस्ती नाही. ओढूनताणून असला तरी अर्थ चांगला आहे.

झेंडूची_माळ

मी कॅथलिक, अमरावती धर्मप्रांतातली. थोडा गोंधळ होतोय म्हणून लिहिते. आमच्याकडे दृढीकरण संस्काराच्या वेळी पवित्र आत्म्याची सात दानं शिकवतात: सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती, देवाचं भय. ती यशया ११ वरून. ती सगळ्यांसाठी, स्वतःच्या जगण्यासाठी. तुम्ही बोलताय ती पौलाची दानं, म्हणजे इतरांच्या उपयोगासाठी कोणाला कोणतं मिळेल ते. पदं तिसरीच: बिशप, धर्मगुरू, डिकन, ती दीक्षाविधीने येतात. प्रश्नावली भरून आमच्याकडे कोणी फादर होत नाही.

पण खेड्यात फादर महिन्यातून एखादवेळी येतात आणि बाकी दिवस सगळं कॅटेकिस्ट सांभाळतात. मुलांना शिकवणं, मयताची प्रार्थना, मिस्साची (आमच्या मुख्य उपासनेची) तयारी, कोणाचं लग्न अडलं तर तिथेही तेच. वर्षानुवर्षं हे असंच. पोप फ्रान्सिस यांनी मे २०२१ मध्ये कॅटेकिस्ट ही रीतसर सेवा म्हणून स्थापन केली. त्याच वर्षी जानेवारीत वाचक आणि वेदीसेवक या सेवा स्त्रियांनाही रीतसर खुल्या झाल्या. म्हणजे काम आधी होतं, ओळख नंतर आली. तुमच्या मावशींचं तसंच दिसतंय.

कागदी_होडी

पुण्यात असते, मूळची दारव्ह्याची. आमच्या इथल्या मंडळीत फॉर्म गूगलवर भरतात, पण त्यावर थेट पद मिळत नाही. आधी सहा महिने कामाची चाचणी. संडे स्कूलला यायचं असेल तर कोणा अनुभवी शिक्षकाबरोबर वर्गात बसायचं, मुलांबरोबर कोणीही एकट्याने राहायचं नाही हा नियम. सहा महिन्यांनी तो शिक्षक सांगतो की हिला जमतं का, आणि मुलंही सांगतात. बऱ्याच जणांना स्वतःलाच कळतं की आपलं हे नाही. कोणाचा अपमानही होत नाही.

खतावणी

ताई, चाचणी चांगली. पण आमच्याकडे सहा महिन्यांतले तीन पेरणी-डवरणी-निंदणात जातात आणि दोन वेचणीत. उरलेल्या एका महिन्यात लग्नं.

मोडका_माईक

मी पण लिहू का? वय २४, बी.एड. झालंय, नोकरी नाही. आमच्या मंडळीत मी रिकामा दिसलो म्हणून मला युवक संघाचा अध्यक्ष केलं. मला लोकांसमोर बोलायला जमत नाही. दर बैठकीच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो. मला जमतं ते म्हणजे चर्चचा अँप्लिफायर दुरुस्त करणं. गावातल्या लग्नाचे, जयंतीचे, सप्त्याचे पण माझ्याकडेच येतात. नाताळच्या आदल्या रात्री वायर उंदराने खाल्ली होती, ती मी टॉर्च तोंडात धरून जोडली आणि सकाळी कोणाला कळलंही नाही. हे कृपादान होतं का? का नुसती मिस्त्रीगिरी?

निवृत्त_मास्तर

निर्गम ३१ काढ. निवासमंडप बांधायचा होता तेव्हा देवाने बसालेलाचं नाव घेऊन सांगितलं की मी त्याला आपल्या आत्म्याने भरलं आहे. कशासाठी? सोन्या-रुप्या-पितळेचं काम, रत्नं बसवणं, लाकूड कोरणं यासाठी. बरोबर अहलियाबही होता. भाषण कोणीच केलं नाही.

अध्यक्षपद सोड बेटा. सांगताना कारण तेच दे.

मोडका_माईक

सोडलं तर म्हणतील पोट्टं माजलं.

बाप्पा_रे

म्हणू दे लेका. पुढच्या वेळी माईक बंद पडला की स्वतःच येतीन चप्पल घासत.

नागपुरी_संत्रा

यावरून आठवलं. आमच्या नागपुरात १८४५ साली आलेला स्टीफन हिस्लॉप. सुवार्तिक म्हणून आला, शाळा काढली, आणि उरलेल्या वेळात दगड गोळा करत हिंडला. नागपूरच्या आसपासचे जीवाश्म त्याने अभ्यासले, गोंडांच्या कथा लिहून ठेवल्या. १८६३ मध्ये नदीत बुडून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज आज सगळ्यांना माहीत आहे. प्रश्नावली भरली असती तर त्याला काय निघालं असतं? 'दगड'?

अंबाडी

दगड निघालेले पंच आमच्याकडे आहेत, त्यांचीही नावं कोणीतरी कॉलेजला द्या.

व्यवस्थापक

विषयावर या. आणि पंचांवर थोडी दया.

अंबाडी

दया माझं कृपादान नाही. तपासून घेतलंय.

बायबलबाईची_नात

माझी आजी बायबलबाई होती. मिशनचा थोडासा पगार, एक पिशवी, तीत शास्त्र आणि कसली तरी खोकल्याची गोळी. छकड्यात बसून, नाहीतर पायी, गावोगाव बायकांमध्ये जायची. ज्या घरात पुरुष पाळकाला उंबऱ्याबाहेर बसवायचे त्या घराच्या चुलीपाशी आजी जायची. वाचायला शिकवायची, बाळंतिणीला काय खायला द्यायचं ते सांगायची, प्रार्थना करायची. नंतर मिशनचे लोक गेले, पैसा आटला, बायबलबाई हे पद मंडळीच्या कागदावरून नाहीसं झालं. आजी जायची थांबली नाही, पगार थांबला. तिला मंडळीच्या सभेत मत होतं, पण पंचांत कधी घेतलं नाही. तिच्या मयताला मात्र सगळे पंच टोप्या घालून हजर होते.

म्हणून झेंडूची माळ म्हणतात त्या 'काम आधी, ओळख नंतर' यावर मला एवढंच म्हणायचं आहे की नंतर म्हणजे किती नंतर?

जुनी_वाट

बहिणींच्या भावना समजतात. पण १ तीमथ्य २:१२ स्पष्ट आहे. स्त्रीने शिकवावं किंवा पुरुषावर अधिकार चालवावा अशी परवानगी पौल देत नाही. दया करा, भेटी द्या, मुलांना शिकवा, कोणी अडवलं आहे? पदाचा आग्रह कशाला?

बायबलबाईची_नात

तोच पौल रोमकरांस १६ ची सुरुवात फिबीपासून करतो. किंख्रियाच्या मंडळीची सेविका, आणि तिने पुष्कळांना व मलाही साहाय्य केलं, असं लिहितो. अपुल्लोससारख्या विद्वानाला घरी नेऊन ज्यांनी अधिक अचूक शिकवलं त्यांत प्रिस्किल्ला होती, प्रेषितांची कृत्ये १८. फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत. तुम्हाला दुसऱ्या अध्यायाचं बारावं वचन पाठ आहे, सोळाव्या अध्यायाचं पहिलं नाही.

वाशिमकर

जुनी_वाट, मी नाझरीन मंडळीतला. आमच्या संप्रदायाने १९०८ पासूनच स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यायचं मान्य केलेलं आहे. तेव्हा 'पूर्वीपासून असंच आहे' हे म्हणणं वाशिमच्या पलीकडे टिकत नाही. (आमच्या गावात अजून बाई पाळक आलेली नाही, हेही सांगतो. कायद्यात आहे, पाटीवर नाही.)

जुनी_वाट

तुमच्या मंडळीत तुमचं. आमच्या इथे आम्ही वचन जसं समजतो तसं चालतो. वाद वाढवत नाही. पण टिपेश्वर यांच्या मावशींबद्दल बोलायचं तर त्यांना पद देऊन तुम्ही त्यांचं काम बिघडवाल, हे मात्र मनापासून सांगतो. पंच झाल्या की लोक त्यांना घरातलं सांगणार नाहीत.

कागदी_होडी

जुनी_वाट यांच्याशी मी बाकी कशातही सहमत नाही, पण हे शेवटचं विचार करण्यासारखं आहे.

डोंगरखंडाळा

साधी पारख सांगतो. जो माणूस एक महिना आला नाही तर कोणतं काम अडतं ते बघा. तेच त्याचं कृपादान.

किल्लीवाला

माझ्याशिवाय आमचं चर्च उघडतच नाही. कारण किल्ली माझ्याकडे आहे. कृपादान काही नाही, घर समोर आहे.

डोंगरखंडाळा

😀 बरं, पारख मागे घेतो.

रिंगणातला

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. धागा आवडीने वाचतोय. आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज कोणाला द्यायचा हे ठरवणं सोपं, ज्याचा हात चालतो त्याला. पण वीणा अवघड. सप्त्यात वीणा खाली ठेवायची नसते, विणेकऱ्याने उभं राहायचं आणि दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच सुटायचं. तिथे आवाज नाही बघत, थांबण्याची तयारी बघतात. रात्री तीनच्या पहाऱ्याला कोण येतो, हे दोन सप्ते पाहिलं की आपोआप कळतं. आणि त्याला विचारलं तर तो नेहमी म्हणतो, दुसरं कोणी बघा.

तुमच्यात असं चालतं का माहीत नाही. चुकलं असेल तर माफी.

निवृत्त_मास्तर

माफी कसली? राम कृष्ण हरी. तीनचा पहारा हे प्रश्नावलीत घालायला हवं होतं.

खतावणी

व्यवस्थेच्या दानाबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून मीच बोलतो. चिखलीकडचा. मंडळीचा हिशेब बघतो. आमच्याकडे पीक-अर्पणाच्या रविवारी लोक आपापल्या शेतातलं आणतात: तुरीची डाळ, कोहळं, सोयाबीनचं पोतं, कोणी गावरान अंडी, कोणी दोन किलो कापूस. उपासनेनंतर लिलाव. लिलाव पुकारायला एक दादा आहेत. हे दादा एरवी चर्चमध्ये दिसत नाहीत, पण कोहळं हातात घेतलं की असं बोलतात की माणूस खिशात हात घातल्याशिवाय राहत नाही. 'मागच्या वर्षी हेच कोहळं कोणी नेलं होतं, त्याला मुलगा झाला' वगैरे. (पाळकसाहेबांना हे वाक्य आवडत नाही.) वर्षभराच्या दिवाबत्तीचा निम्मा खर्च त्या दिवशी निघतो.

कमिटीने खूश होऊन त्यांना खजिनदार केलं. वर्षात एक पावती नाही. पैसा खाल्ला नाही, नुसता एका डब्यात होता, पण कशाचा किती ते त्यांनाही सांगता येईना. पुढच्या वर्षी वही माझ्याकडे आली आणि पुकारणं त्यांच्याकडे राहिलं. आता ते दर पीक-अर्पणाला न चुकता येतात, मधेही एखादा रविवार दिसतात.

तेव्हा टिपेश्वर, चुकीचं पद दिलं तर ते बदलायची सोय आधी करून ठेवा. मुदत लिहा. एक वर्ष, मग पुन्हा विचार.

अकोला_नाका

प्रेषितांची कृत्ये ६ वर कोणीच गेलं नाही? यरुशलेमेत तक्रार काय होती? ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी स्वतः नावं काढली नाहीत. म्हणाले, तुमच्यातून सात माणसं तुम्ही शोधा, ज्यांचं नाव चांगलं आहे अशी. लोकांनी निवडले, प्रेषितांनी प्रार्थना करून हात ठेवले. आणि त्या सातांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर... सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूची माणसं वाटपावर बसवली.

आमच्या मंडळीत हे वचन मी सभेत वाचून दाखवलं. तीन आडनावांच्या पंचांनी मोठ्याने आमेन म्हटलं आणि पुन्हा तेच निवडून आले.

अंबाडी

😂 भाऊ, तुम्हाला बोध करण्याचं दान आहे, त्यांना ऐकण्याचं नाही.

अग्निज्वाळा

अकोला_नाका, हे फार छान सांगितलं. एवढंच जोडतो की त्याच सातांतल्या स्तेफनाने पुढे चमत्कार केले आणि फिलिप्प शोमरोनात सुवार्ता घेऊन गेला. वाटपाच्या कामाला लावलेल्या माणसाला आत्म्याने तिथेच थांबवलं नाही. कागदावर एकदा 'दया' लिहिलं म्हणून त्या बाईला जन्मभर दयेतच ठेवू नका.

बायबलबाईची_नात

अग्निज्वाळा यांना माझ्याकडून एक आमेन.

टिपेश्वर

सगळ्यांचे आभार. रविवारी पाळकसाहेब आले होते. हा धागा मोबाइलवर त्यांना वाचायला दिला. दगडवालं सोडून. 😀 ते हसले आणि प्रश्नावली बाजूला ठेवू म्हणाले, फाडली मात्र नाही.

मग त्यांनी वेगळं केलं. उपासनेनंतर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की स्वतःबद्दल कोणीही बोलायचं नाही. या वर्षात मंडळीतल्या कोणामुळे आपल्याला आधार मिळाला आणि कसा, तेवढंच सांगायचं. घरच्या माणसाचं नाव चालणार नाही. पहिली पाच मिनिटं कोणी तोंड उघडेना. मग एका सुनेने सुरुवात केली. मावशींचं नाव इतक्या वेळा आलं की त्या उठून बाहेर गेल्या. पण बाकीची नावं अनपेक्षित होती. एक मुलगा, दहावी नापास, तो म्हाताऱ्यांना पगाराच्या दिवशी बँकेत नेतो आणि निराधारचे पैसे काढून मोजून हातात देतो, हे आम्हा पंचांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या अध्यक्षांचं नाव एकदा आलं, उपासनेची वेळ पाळतात म्हणून.

त्या मुलाला खजिनदाराच्या हाताखाली एक वर्षासाठी घेतलंय. मुदत लिहिली आहे, खतावणीदादा. पंचांत दोन बायका घ्यायच्या हा ठराव मांडला, त्यावर जुनी_वाट यांच्यासारखे आमच्याकडेही आहेत, तो पुढच्या सभेवर गेला.

मावशींना मी आणि पाळकसाहेब घरी जाऊन विचारलं की सेविका म्हणून हात ठेवू का, सगळ्यांसमोर प्रार्थना करू का. त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "मले पदबिद काही नको बाप्पा. प्रार्थना करा, ते करा. पण यवतमाळच्या दवाखान्यात आपलं कोणी भरती असलं की जायाले पैसे लागते. ते मंडळीनं देजा." पाळकसाहेब लगेच हो म्हणाले. पण कमिटीत प्रश्न आला की हा खर्च कशात दाखवायचा. पाळकाच्या प्रवासाचं खातं आहे, मंडळीतल्या माणसाच्या प्रवासाचं नाही. एक पंच म्हणाले, एकदा सुरू केलं की सगळेच मागतील.

अंबाडी

सगळेच आजाऱ्याला भेटायला यवतमाळला जायला लागले तर वाईट काय?

बायबलबाईची_नात

द्या हो. माझ्या आजीचा बंद झालेला पगार समजा.

खतावणी

टिपेश्वर, सोपं आहे. 'भेटी' म्हणून नवं खातं उघडा आणि वार्षिक सभेत मर्यादा मंजूर करून घ्या, महिन्याला ठरावीक रक्कम. म्हणजे कोणाच्या मर्जीवर राहणार नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मावशी पंचाहत्तरीच्या पुढे असतील तर पूर्ण माफ, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवायला सांगा. मग खर्च बसचा कमी आणि तिथल्या चहा-जेवणाचा जास्त होईल, तो पण याच खात्यात टाका. जी तिकिटं मिळतील ती त्या मुलाकडे द्यायला सांगा, वहीत चिकटवेल. तपासणीला लागतात.

टिपेश्वर

मावशी बहात्तरच्या. अर्धं तिकीट. सभेत मांडतो.